डिकीत दुसरी बॅटरी टाकायचीय: इन्व्हर्टरची, एजीएम (सीलबंद लेड अ‍ॅसिड) का लिथियम? गाडी स्विफ्ट डिझेल, सांगली

द्राक्षबाग_एमएच१०

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण वाचा आणि खरं काय ते सांगा. गाडी २०१५ ची स्विफ्ट डिझेल, सेकंडहँड घेतलीय. डिकीत १२ इंची दोन वूफर, त्याला एक मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा, वूफरसाठीचा) अ‍ॅम्प (बॉक्सवर ४००० वॅट लिहिलंय, आरएमएस म्हणजे सलग मिळणारी खरी पॉवर किती ते कुठंच लिहिलेलं नाय), दारातल्या स्पीकरना वेगळा फोर चॅनल अ‍ॅम्प आणि पुढं अँड्रॉइड स्टिरिओ. बॉनेटखाली साधी लेड अ‍ॅसिड ६० एएच (अँपिअर-अवर, बॅटरीत साठा किती त्याचं माप), गेल्या दिवाळीला नवीन टाकलेली.

आता त्रास काय तर रात्री जोरात लावलं की प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिणमिणतात, डॅशबोर्डच्या लाइटी पण नाचतात, आणि एसी चालू ठेवून विश्रामबागच्या सिग्नलला उभं राहिलं की अ‍ॅम्प प्रोटेक्टला जातो, लाल लाइट लागते आणि आवाज बंद. दुसरं म्हणजे संध्याकाळी आम्ही पोरं मळ्यात बसतो, गाडी बंद, डिकी उघडी, गाणी चालू. अर्ध्या पाऊण तासात बॅटरी बसते आणि मग सगळ्यांनी मिळून ढकलस्टार्ट.

शंभर फुटीवर एकानं सांगितलं १५० एएच ची इन्व्हर्टरची ट्यूब्युलर टाक डिकीत, विषय संपला. मिरजेत एकजण म्हणाला २ फॅराडचा कपॅसिटर लाव, बॅटरी बदलायची गरजच नाय. आणि आमचा एक मित्र म्हणतोय लिथियम शिवाय बात नाय. तिघं तीन दिशेला. बजेट एकदम टाइट नाय पण पैसे पाण्यात पण घालायचे नायत. काय करू?

आर्मेचर_काका (मिरज)

बाळा, बॅटरीचं नंतर बघू. आधी ४००० चा आकडा डोक्यातनं काढ. अ‍ॅम्पच्या बाजूला प्लास्टिकचे फ्यूज खोचलेले असतात ते मोज आणि त्यावरचे आकडे बेरीज कर. समजा ४० चे तीन असतील तर १२० अँप झाले. १२० गुणिले १३.८ व्होल्ट, आणि डी क्लास अ‍ॅम्प असेल तर त्यातले पाऊण भागच वूफरला जातात, बाकीची उष्णता. म्हणजे खरे साधारण १२०० वॅट. बॉक्सवर काय पण छापतेत.

मग मल्टिमीटर घे, दोन-तीनशे रुपयाचा चालतो. क्लॅम्पमीटर कुणाचा आणणार असशील तर डीसी मोजणारा आण, घरच्या वायरमनकडं असतो तो बहुतेक वेळा नुसता एसीचा असतो, गाडीच्या वायरला लावला की शून्य दाखवतो आणि लोकं म्हणतात करंटच जाईना.

मोबाइलवर ५० हर्ट्झचा टोन डाऊनलोड कर, कारण गाण्यावर मीटर नाचतो, काय कळत नाय. पाच-दहा सेकंदाच्या वर वाजवू नको, वूफरची कॉइल तापते. गाडी चालू, जरा रेस देऊन ठेवायला एकाला बसव. टोन चालू असताना पुढं बॅटरीवर किती व्होल्ट आणि मागं अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर किती ते बघ. मग मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी पिन अ‍ॅम्पच्या प्लसला लाव (लांब वायर जोडून घे). जो आकडा येईल तेवढे व्होल्ट तुझी वायर खातीय. तसंच मायनसचं कर, बॅटरीचा मायनस ते अ‍ॅम्पचा मायनस. हेच सगळं गाडी न्यूट्रलला एसी आणि हेडलाइट लावून परत, आणि गाडी बंद करून परत.

हे आकडे टाक मग बोलू. डायनाम्यावर स्टिकर असतं, त्यावर किती अँप ते पण वाच.

आणि ती इन्व्हर्टरची बॅटरी स्विफ्टच्या डिकीत अजिबात घालू नको. ट्यूब्युलर बॅटरी घरात पंखा-ट्यूब चार तास हळूहळू चालवायला केलेली असते, तिच्यातनं एकदम शंभर-सव्वाशे अँप ओढायला गेलं की व्होल्टेज धपकन खाली. वर लिहिलेले १५० एएच हे २० तासात हळूहळू काढले तरचे, म्हणजे साडेसात अँपनं. एक तासात काढायला गेलास तर निम्मेच हाताला लागतील. पन्नास किलोच्या वरचं धूड, खड्ड्यात अ‍ॅसिड उसळणार आणि चार्जिंग होताना हायड्रोजन सुटतो. स्विफ्टची डिकी म्हणजे शेवटी केबिनच हाय, मधे पार्टिशन कुठंय?

कोयनाकाठ_बास (कराड)

काकांचं बरोबर असेल पण भावा सरळ लिथियम टाक आणि मोकळा हो. माझ्याकडं एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे १०० एएच ची, वजन १२ किलोच्या आसपास, एका हातानं उचलतो. लेड अ‍ॅसिड लोड आला की १२ च्या खाली जाते आणि एलएफपी १३ ला धरून बसते. बरेचसे अ‍ॅम्प रेग्युलेटेड नसतात, त्यांना व्होल्टेज जास्त मिळालं की पॉवर वर्गाच्या हिशोबानं वाढते, १४ च्या जागी १२ मिळाले तर पाव भाग पॉवर गेलीच समज. बास मधला फरक कानाला लगेच कळतो, पहिल्या ठोक्याला. लेड अ‍ॅसिडचा जमाना गेला आता.

सज्जनगड_व्होल्ट (सातारा)

@कोयनाकाठ_बास लिथियम चांगलंच आहे, पण त्याला नुसतं "टाक" म्हणू नको, कारण तो बाजारात जाईल आणि सोलरवाली १०० एएच घेऊन येईल. त्यात बीएमएस (सेल सांभाळणारं, जास्त लोडला तोडणारं सर्किट) १०० अँपचं असतं बहुतेक वेळा. याचे दोन अ‍ॅम्प मिळून दीडशेच्या पुढं मागणार, पहिल्या मोठ्या ठोक्याला बीएमएस खटकन तोडणार आणि हा म्हणणार बॅटरी खराब निघाली. ऑडिओसाठी घ्यायची तर बीएमएस निदान २०० अँप कंटिन्युअस पाहिजे, पीक नव्हे.

दुसरं, रिकामी झालेली लिथियम डायनॅमोला जोडली की अधाशासारखी ओढते, तिचा आतला रेझिस्टन्स फार कमी असतो. लेड अ‍ॅसिड जसजशी भरते तसा करंट कमी करत जाते, ही शेवटपर्यंत ओढत राहते. ९० अँपचा डायनॅमो असेल आणि त्यातून सलग ७०-८० अँप अर्धा तास ओढले तर डायोड तरी जाणार नाहीतर वाइंडिंग. गाडीचा डायनॅमो सतत फुल लोडवर चालायला बनवलेलाच नसतो.

तिसरं जागा. बॉनेटखाली लिथियम ठेवायची नाही, इंजिनच्या उष्णतेत सेलचं आयुष्य झपाट्यानं उतरतं. सांगलीत एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या पुढं जातो, उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत पण ५०-५५ सहज होतं, बहुतेक सेलची चार्जिंगची वरची मर्यादा तिथंच कुठंतरी येते. चांगलं बीएमएस असेल तर ते टेम्परेचर बघून चार्जिंग बंद करतं, स्वस्तातलं असेल तर त्यात सेन्सरच नसतो.

कपॅसिटरचं पण सांगून टाकतो. हिशोब सोपा आहे: १ फॅराडचा कपॅसिटर १४.४ वरून १२ व्होल्टला येईपर्यंत साधारण ३२ ज्यूल देतो. २ फॅराडचा ६४. अ‍ॅम्पला १२०० वॅट द्यायला आत दीड हजारच्या वर लागतात, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात कपॅसिटर रिकामा. एका ठोक्याची सुरुवात जरा साफ येईल, लाइटची मिणमिण थोडी कमी दिसेल, पण तो पुन्हा भरायचा कुठून? त्याच डायनॅमोतून. निळे आकडे दिसतात त्यावर, डिकीत छान दिसतं एवढंच. ते पैसे वायरला घाल.

साउंड_सर्व्हिस_तासगाव

आमचा धंदाच आवाजाचा, सांगू का, मोठ्या सेटला आम्ही बॅटरीच्या नादाला लागतच नाय, टेम्पोवर डिझेल जनरेटर ठेवतो. बॅटरी ही इंजिन चालू असताना मधल्या झटक्याला आधार, बाकी सगळं डायनामा. लोकं डिकीत दोन-दोन बॅटऱ्या टाकतेत आणि डायनामा तोच. विहिरीला मोटर अर्ध्या एचपीची आणि टाकी मात्र पन्नास हजार लिटरची बांधली तर टाकी भरणार कवा?

आधी डायनाम्याचा बेल्ट बघ, सैल असेल तर लोडला घसरतो. फुकटचं काम हाय.

द्राक्षबाग_एमएच१०

काका सगळं मोजलं, काल संध्याकाळी दोघं मिळून लागलो होतो. घ्या आकडे.

मोनोब्लॉकवर ४० चे तीन फ्यूज (बरोब्बर तुम्ही म्हणालात तेच), फोर चॅनलवर २० चे दोन. डायनाम्याचं स्टिकर अर्धं उडालंय पण ९० वाचता येतंय. बेल्ट ठीक हाय.

रेस देऊन, गाणं बंद: बॅटरीवर १४.१. टोन चालू केला की बॅटरीवर १३.३ आणि मागं अ‍ॅम्पवर ११.८. प्लस टू प्लस १.१ आलं, मायनसचं ०.४.

न्यूट्रलला एसी, हेडलाइट, टोन: बॅटरीवर १२.३, अ‍ॅम्पवर १०.९, तिसऱ्यांदा लावला तेव्हा प्रोटेक्टला गेला.

गाडी बंद: नुसती १२.५, टोनला बॅटरीवर ११.६ आणि अ‍ॅम्पवर १०.४.

आणि एक गंमत. दुकानदारानं "फोर गेज कॉपर" म्हणून दिलेली वायर हाय, तिचं मागचं टोक मोकळं करून एक तार ब्लेडनं खरवडली तर वरचा लालसर थर निघून आत पांढरी फटक. वायर बाहेरनं अंगठ्याएवढी जाड दिसते पण रबर सोललं तर आतली तार करंगळीच्या निम्मी. आणि अर्थिंग सीटबेल्टच्या बोल्टला दिलंय, खाली रंग तसाच, खरवडलेला पण नाय.

आर्मेचर_काका (मिरज)

झालं तर मग, तुझ्या बॅटरीला उगाच शिव्या घालत होतास. रस्त्यावर गाडी चालू असताना बॅटरीवर १३.३ हाय, ते चांगलं हाय. मागं ११.८ पोचतंय. दीड व्होल्ट मधल्यामधे वायर आणि अर्थिंग खातंय. कितीपण भारी बॅटरी पुढं बसव, ते दीड व्होल्ट जाणारच.

ती वायर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. खरी फोर गेज तांब्याची (२१ स्क्वेअर एमएम) पाच मीटर असती तर १२० अँपला अर्धा व्होल्ट खाल्ली असती, मुलाम्याची असेल तर पाऊण, तुझी तर फोर गेज पण भरत नसणार म्हणून १.१ आलं. ५० स्क्वेअर एमएम तांबं टाकलंस तर पाव व्होल्टच्या आत काम होतं. ऑडिओच्या दुकानात झिरो गेज म्हणून जी मिळते ती साधारण हीच, पण कुपवाड एमआयडीसीत वेल्डिंगचं सामान मिळतं तिथं ५० स्क्वेअरची तांब्याची वेल्डिंग केबल मीटरवर मागून घे, लवचिक असते, बारीक तारांची. वेल्डिंग केबल पण अ‍ॅल्युमिनियमची मिळते हां, तिथंच दुकानात एक तार खरवडून बघायची, लाजायचं नाय.

मायनसला पण तेवढ्याच जाडीची वायर. सीटबेल्टचा बोल्ट सोड, तो जीव वाचवायचा बोल्ट हाय, त्याच्याखाली लग (वायरच्या टोकाची भोकाची चकती) घालायचा नसतो. बॉडीचा जाड पत्रा बघून वेगळं भोक, रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचा, लग, वॉशर, नट आवळून वरनं ग्रीस नाहीतर रंग, नायतर पावसाळ्यात गंजतं आणि परत तीच रड.

पुढं बॉनेटमधे पण तीन वायरी जाड करून घे. डायनाम्याचा प्लस ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते बॉडी, आणि इंजिन ते बॉडी. कंपनीच्या वायरी काढायच्या नायत, त्याच्या जोडीला टाकायच्या. दोनेक मीटर केबल लागंल सगळी मिळून, पण हेडलाइटची मिणमिण यानं निम्मी कमी होते.

न्यूट्रलचं दुखणं मात्र वेगळं. ९० चा डायनामा गरम असताना न्यूट्रलला निम्मं पण देत नाय. एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, हेडलाइट, इंजिनचा कॉम्प्युटर मिळून ३५-४० अँप तेच खातात. राहिलं काय? सिग्नलला उभा असलास की आवाज कमी कर, एवढं सोपं औषध हाय त्याला, ते नको असेल तर मोठा डायनामा.

सज्जनगड_व्होल्ट (सातारा)

काकांनी वायरचं सांगितलं ते आधी कर, मग परत मोज. आता राहिला मळा, तिथं खरंच बॅटरीचा प्रश्न आहे.

दोन्ही अ‍ॅम्पचे मिळून फ्यूज १६० अँपचे. पण गाणं म्हणजे सलग टोन नव्हे, जोरात लावलं तरी सरासरी तिसरा हिस्सा धर, ५०. मळ्यात गप्पा मारत थोडं कमी लावलं तर ४०. ६० एएच मधले निम्मेच वापरायचे असतात, त्यात इतक्या जोरात काढताना क्षमता अजून घटते, म्हणजे अर्धा तास. तू अर्धा पाऊण तास लिहिलंयस, तंतोतंत बसतं, बॅटरी बिघडलेली नाही. पण दर वेळी अशी पार बसवलीस तर वर्षभरात बिघडेल, स्टार्टिंगच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, खोल डिस्चार्ज तिला सोसत नाही.

म्हणून दुसरी बॅटरी डिकीत आणि मधे रिले (दोन्ही बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा स्विच), २०० अँपचा सोलेनॉइड, इग्निशनवरून ट्रिगर. गाडी बंद केली की दोन्ही वेगळ्या. मागची कितीही बसली तरी पुढचीवर सेल्फ लागतो, ढकलायला नको.

आता मागं कुठली. एजीएम ७० एएच घेतलीस तर ४० एएच वापरता येईल, एक तास. सीलबंद, अ‍ॅसिड सांडत नाही, नेहमीच्या वापरात गॅस बाहेर सुटत नाही, झटक्याचा करंट साध्या बॅटरीपेक्षा चांगला देते, आणि चार्जिंग १४.४ च्या आसपास लागतं, तुझा डायनॅमो १४.१ देतोय, थोडं कमी आहे पण चालून जाईल. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाड्यांमुळं आता डीआयएन साइझमध्ये एजीएम सहज मिळते, एक्साइड, अमरॉन दोघांकडं आहे. साध्यापेक्षा दीड-दोन पट पैसे. घेताना मागची उत्पादन तारीख बघ, दुकानात सहा-आठ महिने पडून राहिलेली घेऊ नको, आणि तिथंच मीटर लाव, १२.७ च्या खाली असेल तर दुसरी काढायला सांग.

पण यात एक मेख आहे जी कुणी सांगत नाही. मळ्यात ४० एएच काढलेस, आणि मळा ते घर वीस मिनिटं. तेवढ्यात डायनॅमो मागं देऊन देऊन किती देईल, १२-१३ एएच. म्हणजे बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहणार, आणि लेड अ‍ॅसिड (एजीएम पण त्यातलीच) अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, दोन वर्षात गेली. तेव्हा एजीएम घेणार असशील तर घरी १० अँपचा चार्जर घे आणि मळ्यातून आलं की रात्रभर लाव. शेवटचा वीस टक्के भाग भरायलाच तिला चार-पाच तास लागतात.

कोयनाकाठ_बास (कराड)

आता आला की नाय माझ्या बाजूला 😄 अर्धवट चार्जचा लिथियमला काडीचा फरक पडत नाय, उलट ५०-६० टक्क्यावर ठेवली तर जास्त जगते. १०० एएच मधले ८० बिनधास्त वापरायचे, ४० अँपला दोन तास.

सज्जनगड_व्होल्ट (सातारा)

हो रे, या एका मुद्द्यावर तुझंच खरं आहे. रोज मळ्यात बसणार असेल आणि चार्जर लावायचा कंटाळा असेल तर त्याला लिथियमच बरी. फक्त नीट लाव. २०० अँपचं बीएमएस, आणि चार्जिंग थेट डायनॅमोतून न करता ३० अँपच्या डीसी-डीसी चार्जरमधून (तो डायनॅमोतून ३० च्या वर ओढू देत नाही), म्हणजे डायनॅमो सुरक्षित. तोटा असा की गाडी चालू असताना पण मागच्या अ‍ॅम्पना डायनॅमोकडून ३० च मिळणार, बाकी सगळं लिथियम देणार, लांबच्या प्रवासात जोरात वाजवत खंबाटकी घाट चढेपर्यंत बॅटरी उतरलेली असेल. सगळंच एकाच वेळी मिळत नाही.

आणि व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा-तोडणारा रिले मिळतो तो लिथियमला वापरू नको. एलएफपी नुसती बसलेली असताना पण १३.३ ला असते, दोन्ही बाजूचं व्होल्टेज बघणाऱ्या रिलेला वाटतं इंजिन चालूच आहे, तो सोडतच नाही आणि मागची लिथियम रात्रभर पुढच्या लेड अ‍ॅसिडला पाजत बसते.

पाटण_रायडर

मधेच विचारतो सॉरी. माझी गाडी बीएस६ आहे, स्टार्ट-स्टॉपवाली, बॅटरीच्या मायनसवर एक काळा डबा बसवलेला असतो त्यातून वायर जाते. अ‍ॅम्पचा मायनस थेट बॅटरीला दिला तर चालेल का? अर्थिंग चांगलं मिळेल ना?

सज्जनगड_व्होल्ट (सातारा)

नको. तो करंट सेन्सर आहे. गाडीचा कॉम्प्युटर त्यावरून बॅटरीत किती गेलं किती आलं मोजतो आणि डायनॅमोचं व्होल्टेज कमी-जास्त करतो. तू अ‍ॅम्पचा मायनस थेट टर्मिनलला दिलास तर तो करंट सेन्सरमधून जाणारच नाही, कॉम्प्युटरला वाटेल बॅटरी भरलेली आहे आणि तो चार्जिंग कमी करेल. मायनस बॉडीला दे, म्हणजे सेन्सरमधून मोजला जातो. आणि अशा गाडीत व्होल्टेज चालता चालता साडेबाराच्या आसपास येतं ते नॉर्मल आहे, डायनॅमो गेला म्हणून घाबरू नको. बॅटरी बदलशील तेव्हा साधी टाकू नको, कंपनीनं ईएफबी (साध्यापेक्षा दणकट लेड अ‍ॅसिड) दिली असेल तर ईएफबी नाहीतर एजीएम. वॉरंटीत असशील तर वायरी कापण्याआधी विचार कर, वायर तोडलेली दिसली की इलेक्ट्रिकलच्या क्लेमला ते हात वर करतात.

हरिपूर_आजोबा

बॅटरी कुठली पण टाका बाळांनो, पण रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर असं वाजवायला कायद्यानं बंदी आहे, २००० सालचा ध्वनी प्रदूषणाचा नियम आहे. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. मळ्यात लावता ते ठीक, पण नदीकाठी आवाज पाण्यावरून पार पलीकडच्या गावात जातो.

साउंड_सर्व्हिस_तासगाव

आजोबा ४५ मधे तर आमचा जनरेटर पण बसत नाय 🙏

द्राक्षबाग_एमएच१०

आजोबा, दहाच्या आत बंद करतो, शप्पथ.

बाकीच्यांना पण धन्यवाद. ठरवलंय असं: आधी ५० स्क्वेअरची केबल, अर्थिंग आणि पुढच्या तीन वायरी. मग मागं एजीएम आणि रिले. लिथियमचं मन होतंय पण चार्जर, बीएमएस, डीसी-डीसी सगळं मिळून हिशोब बराच वर जातोय, आणि घरी शेडमधे १० अँपचा चार्जर ट्रॅक्टरसाठी आहेच, तो रात्री लावला की झालं. फक्त आजच्या फिटिंगमधे एक दिसलं, फ्यूज हाय पण तो मागं अ‍ॅम्पपाशी बसवलाय. तोच पुढच्या केबलला वापरू का नवीन घेऊ? आणि किती अँपचा?

आर्मेचर_काका (मिरज)

अरे मागं?? मग बॅटरीपासनं डिकीपर्यंतची सगळी वायर बिनफ्यूजची चाललीय कार्पेटखालनं. कुठं पत्र्याला घासून रबर फाटलं तर बॅटरी सगळा जोर त्या एका जागी काढणार आणि कार्पेट पेटणार. नवीन केबल येईपर्यंत बॅटरीवरनं ती वायर काढूनच ठेव, दोन दिवस बिनगाण्याचं फिर.

फ्यूज अ‍ॅम्पला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. म्हणून बॅटरीपासनं दीड फुटाच्या आत बसवायचा. ५० स्क्वेअरला तुझ्या लोडवर २०० अँपचा एएनएल फ्यूज (जाड वायरीचा, बोल्टनं बसणारा) घे, जुना वापरू नको, तो किती खरा किती खोटा देव जाणे. मागं एजीएम बसवलीस की तिच्या प्लसपाशी पण दुसरा २०० चा, कारण आता दोन्ही टोकाला करंट देणारं कुणीतरी हाय. दोन्ही अ‍ॅम्पना तिथनं पुढं वेगवेगळे फ्यूज, मोनोब्लॉकला १२५ आणि फोर चॅनलला ४०.

लग हातोड्यानं ठोकून बसवून घेऊ नको, कुपवाडातच हायड्रॉलिक क्रिंपिंग करून देतात, चार पैसे जास्त जाऊ देत. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट, त्याशिवाय केबल आत घ्यायची नाय. डिझेलची पाइप ज्या बाजूनं मागं गेलीय ती बाजू सोडून दुसऱ्या बाजूनं केबल ने. एजीएम डिकीत नुसती ठेवू नको, पट्टी मारून फ्लोअरला बोल्टनं आवळ, वीस किलोचा दगड हाय तो, ब्रेक मारला की सीटवर येतो. काम चालू करताना बॅटरीचा मायनस पहिल्यांदा काढायचा आणि जोडताना सगळ्यात शेवटी.